वार्षिकांकासाठी स्वतःची ओळख: आवड आणि लिहिण्याचं कारण कसं मांडावं

प्रवेशांची धावपळ संपली की बहुतेक महाविद्यालयांत मराठी विभागाबाहेरच्या फळ्यावर सूचना लागते. वार्षिकांकासाठी विद्यार्थी संपादक हवेत, इच्छुकांनी ‘आपल्या आवडीनिवडी आणि लेखनामागची प्रेरणा’ एका पानात लिहून द्यावी. लेखन कार्यशाळेच्या अर्जात हाच प्रश्न असतो. वाङ्मय मंडळाच्या पहिल्या बैठकीत तो तोंडी विचारतात, आणि लेख छापून आला की त्याच्याखाली दोन ओळींत पुन्हा तेच हवं असतं. मागणी साधी आहे, तरी आलेल्या दहा अर्जांपैकी आठ एकमेकांत मिसळले तर कुणाचा कोणता हे ओळखता येत नाही. नाव झाकलं तरी हा कुणाचा अर्ज ते वर्गातल्या पोराला कळावं, एवढी एकच कसोटी धरून खालची कृती लिहिली आहे.

आधी जागा बघा

ओळख कुठे जाणार यावर तिची लांबी ठरते. हाताने लिहिलेलं फुलस्केप पान साधारण अडीचशे ते तीनशे शब्दांत भरतं, म्हणून ‘एका पानात’ म्हटलं की २५० शब्द धरा. तोंडी ओळखीला दीड मिनिटाच्या वर कुणी थांबू देत नाही. सावकाश, कळेल असं बोललं तर मिनिटाला एकशेवीसच्या आसपास मराठी शब्द होतात, म्हणजे मजकूर १८० शब्दांचा. लेखाखालचा परिचय ३० ते ४० शब्दांचा. तिन्ही वेगवेगळे लिहीत बसू नका. २५० शब्दांचा नीट जमला की बाकीचे दोन त्यातूनच कापून निघतात. उलटं करू गेलात, म्हणजे छोट्याला पाणी घालून मोठा केलात, तर ते पाणी दिसतं.

वाचणारा कोण हेही बघा. वार्षिकांकाचा अर्ज प्राध्यापक संपादक वाचतात, आणि त्यांना खरं तर दोनच गोष्टी हव्या असतात: या मुलाला एखाद्या विषयावर लिहायला सांगता येईल का, आणि दिलेलं काम हा पूर्ण करील का. तुमचं मन किती हळवं आहे याची चौकशी त्यात नाही.

आवड शोधायची कशी

‘मला कशाची आवड आहे?’ असा प्रश्न स्वतःला विचारलात तर उत्तर ठरलेलं येतं: वाचन, लेखन, संगीत, प्रवास. ही चार नावं शाळेतल्या ‘माझा आवडता छंद’ निबंधापासून आपल्या जिभेवर बसलेली आहेत. म्हणून प्रश्न न विचारता पुरावा गोळा करा. अर्धा तास काढा, वहीचं एक पान घ्या आणि गेल्या दोन महिन्यांतल्या या गोष्टी उतरवा: फोनच्या गॅलरीत वारंवार कशाचे फोटो आहेत, यूट्यूबवर काय शेवटपर्यंत पाहिलं, ग्रंथालयाच्या कार्डावर अभ्यासाबाहेरची कोणती पुस्तकं चढली आहेत, घरच्यांनी न सांगता कोणतं काम केलं, आणि हातखर्चाचे पैसे कुठे गेले. शेवटचा मुद्दा सगळ्यात खरं बोलतो.

या यादीत दोन-तीनदा आलेली गोष्ट धरा आणि तिला एक चाचणी लावा. त्या विषयातले असे पाच शब्द लिहा जे तुमच्या बाकावरच्या मित्राला ठाऊक नसतील. ट्रेकिंग म्हणणाऱ्याला टाकं, मेट, खिंड, कातळकोरीव पायऱ्या, जंग्या हे शब्द पटकन आले तर आवड खरी आहे. ‘निसर्ग, शांतता, फ्रेश वाटणं’ एवढंच आलं तर ती सहल होती. रांगोळी काढणारीला गेरू, ठिपक्यांची ओळ, चाळणी, बोटांची चिमूट सैल कधी सोडायची हे सांगता येतं. टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्याला नवा चेंडू आणि केस गेलेला चेंडू यांच्या उसळीतला फरक ठाऊक असतो. पाच शब्द आले नाहीत तर आवड वाईट असते असं नाही. ती अजून बघ्याची असते, आणि तीवर २५० शब्द टिकत नाहीत एवढंच.

आता आकडा. एक मुख्य आवड आणि एक जोडआवड, बस. तिसरी आली की यादी होते आणि यादी वाचताना डोळा घसरत पुढे जातो. जोडआवड मुख्य आवडीपासून लांबची असली तर बरं: गणिताबरोबर भजनाची पेटी, शेळीपालनाबरोबर बुद्धिबळ. दोन्ही एकाच घरातल्या असल्या, म्हणजे कविता आणि गझल, तर एक वाया गेली.

वाचनाच्या आवडीविषयी वेगळं सांगायला हवं, कारण साहित्याच्या अर्जात ती लपवणंही विचित्र दिसतं. लेखकांच्या नावांची जंत्री देऊ नका. ती सगळे देतात आणि सगळ्यांची जवळपास सारखीच असते. त्याऐवजी काय वाचता याचा प्रकार नेमका सांगा. ‘जिल्हा गॅझेटिअर’, ‘जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती’, ‘क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं’, ‘रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आणि मग उरलेली पुरवणी’ असं काहीही चालेल, फक्त तोंडी विचारलं तर पाच मिनिटं बोलता यायला हवं. विचारतातच.

लिहिण्याचं कारण

इथे बहुतेकांची गाडी रुतते. ‘प्रेरणा’ हा शब्द सूचनेत असल्यामुळे मुलं काहीतरी उदात्त शोधायला लागतात आणि समाजप्रबोधनावर येऊन थांबतात. एकोणिसाव्या वर्षी समाजाला प्रबोधन करण्याची घाई नसावी असं आमचं मत आहे. पण त्याहून मोठी अडचण अशी की या कारणाला तुम्ही लिहिलेल्या कुठल्याच कागदाचा आधार नसतो.

आधार शोधायचा तर आतापर्यंत जे लिहिलंय ते सगळं समोर मांडा. कविता आणि लेख एवढंच नव्हे. व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवलेला लांबलचक निरोप, इन्स्टाग्रामच्या फोटोखालचा मजकूर, गणेशोत्सव मंडळाच्या अहवालाचा मसुदा, शेजारच्या आजींना लिहून दिलेला रेशन कार्डाचा अर्ज, प्रयोगवहीच्या समासात लिहिलेली टिप्पणी हे सगळं लेखनच आहे. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कशामुळे लिहिलं, कुणी वाचलं, वाचल्यावर काय झालं. दहा-बारा कागद झाले की एक ओळ पुन्हा पुन्हा दिसू लागते. कुणाचं लेखन नेहमी भांडणातून येतं, कुणाचं विसरू नये म्हणून, कुणी दुसऱ्याला हसवायला लिहितं, कुणाला लिहिल्याशिवाय विषय समजत नाही, आणि काहीजण कायम दुसऱ्यांसाठी लिहून देत असतात. यातलं कुठलंच कारण लहान नाही. शेवटचं तर संपादकांना फार आवडतं, कारण अशा मुलाला दुसऱ्याचा लेख नीट करता येतो.

भांडणातून येणाऱ्या लेखनाचं मराठीतलं एक जुनं आणि विद्यार्थिदशेतलंच उदाहरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. त्या वेळी ती चौदा वर्षांची असल्याचं सांगितलं जातं. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल आजही अंगावर येतो. आपण का लिहीत आहोत हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. प्रश्न आणि तो कुणाला विचारायचा हे दोन्ही तिच्याजवळ होतं. तुमच्या ओळखीतही या दोन गोष्टी सापडल्या तर ‘प्रेरणा’ आपोआप येते. प्रश्न ग्रंथालयाच्या वेळेविषयीचा असला तरी चालेल.

बक्षीस, गुण, प्रमाणपत्र हे कारण असेल तर? लिहा, लाजू नका, पण त्याच्या पुढचा टप्पाही सांगा. ‘पहिला लेख स्पर्धेतल्या पाचशे रुपयांसाठी लिहिला’ हे वाक्य छान आहे. दुसरा लेख कशासाठी लिहिला हे त्यानंतर यायला हवं. दुसरा लेख लिहिलाच नसेल तर हे वाक्य वापरू नका.

घरची हलाखी, आजारपण, कुणाचा मृत्यू यांतूनही लेखन सुरू होतं आणि ते खरं असतं. मात्र अर्जात ते एका वाक्यात, वस्तुस्थिती म्हणून यावं. त्यावर तीन परिच्छेद खर्च केले तर वाचणारा दयेपोटी निवड करतो नाहीतर संकोचाने पुढे जातो, आणि दोन्हींत तुमचं लेखन मागे पडतं. शिवाय वार्षिकांक छापला जातो, अनेक ठिकाणी त्याची पीडीएफही संकेतस्थळावर जाते. वडिलांच्या व्यसनाविषयी किंवा बहिणीच्या आजाराविषयी लिहिण्याआधी घरी विचारा.

एक नमुना, आधी आणि नंतर

नेहमी येतो तो मजकूर असा असतो:

‘नमस्कार, मी एसवायबीएस्सीमध्ये शिकते. मला लहानपणापासूनच वाचन, लेखन, संगीत व प्रवासाची आवड आहे. शब्द हेच माझे खरे मित्र आहेत. मनातील भावना कागदावर उतरवल्या की मन हलके होते. माझ्या लेखणीतून समाजासाठी काहीतरी करावे अशी इच्छा आहे. साहित्याच्या अथांग सागरात हा माझा छोटासा प्रयत्न आपण गोड मानून घ्यावा.’

यात चूक एकही नाही. खोटंही बहुधा काही नाही. पण गडचिरोलीची मुलगी आणि गिरगावातला मुलगा दोघंही हेच, याच क्रमाने लिहू शकतात. आता हीच मुलगी कोल्हापूरकडच्या करवीर तालुक्यातली आहे आणि वरची कृती करून बसली आहे असं समजा:

‘आमच्या गावात दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं पेटतात. काहील चुलवाणावरून कधी उतरवायची हे गुळव्या थर्मामीटर न लावता सांगतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांत गोळी वळते का बघतो. अकरावीपासून मी हे लिहून ठेवतेय. आधी वहीत नुसते शब्द होते: चिपाड, मळी, काकवी, रवा. मग प्रश्न आले. रानभेंडीचा रस घातला की मळी वर का येते? कॉलेजात सरांना विचारलं, चिकट रसात गाळ अडकतो हे समजलं, आणि त्यावर अर्धं पान लिहून गुळव्यामामांना वाचून दाखवलं. त्यांनी तीन चुका काढल्या. तिन्ही रसायनशास्त्राच्या नव्हत्या, कामाच्या क्रमाच्या होत्या. ते पान पुन्हा लिहिलं. ज्यांचं काम आहे त्यांच्यासमोर वाचता येईल असं लिहायचं, एवढंच माझं लिहिण्याचं कारण आहे. सुट्टीत गावच्या कबड्डी सामन्यांचं समालोचन करते. त्यामुळे वाक्य लांबलं की आधी मलाच दम लागतो. वार्षिकांकात मला जिल्ह्यातल्या कामधंद्यांवर चार पानांचं सदर करायचं आहे. पहिल्या दोन लेखांचा कच्चा मसुदा तयार आहे.’

हा नमुना सव्वाशे शब्दांच्या आतबाहेर आहे, म्हणजे पानात अजून निम्मी जागा शिल्लक. तरी त्यातून काय काय कळतं बघा. गाव कुठल्या भागातलं ते कळतं, जिल्ह्याचं नाव न घेता. विषय शिकते आहे आणि तो बाहेर वापरते आहे हे कळतं. दुरुस्ती सांगितली तर राग न मानता पुन्हा लिहिते, ही संपादक मंडळात सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट, तीही कळते, आणि ‘मी मेहनती व नम्र आहे’ असं कुठे म्हटलेलं नाही. शेवटी मागणी आहे: काय करायचंय आणि किती तयार आहे.

क्रमही लक्षात घ्या. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक अर्जाच्या वरच्या रकान्यात असतात, म्हणून पहिलं वाक्य त्यावर घालवलेलं नाही. आवडीतली एक हालणारी गोष्ट पहिल्यांदा, तिच्यातून लेखन कसं सुरू झालं ते दुसऱ्यांदा, लिहिण्याचं कारण त्याच्या शेवटी एका वाक्यात, मग जोडआवड, मग मागणी. कारण आधी आणि आवड नंतर असं केलं तर कारण भाषणासारखं वाजतं. वाचणाऱ्याने अजून काही पाहिलेलं नसतं.

नमुना उतरवून फक्त गुऱ्हाळाच्या जागी वीटभट्टी घालू नका. गेल्या वर्षीच्या अर्जातला नमुना या वर्षी सात जणांकडे असतो आणि तो लगेच ओळखू येतो. एआयकडून लिहून घेतलेल्याचंही तेच होतं. वाक्यं गुळगुळीत असतात, पण गुळव्या गोळी वळते का बघतो हे त्यात येत नाही, कारण ते तुम्ही त्याला सांगितलेलंच नसतं. आणि ते सांगता येत असेल तर अर्ज निम्मा लिहून झालाच की.

काटछाट

पहिला मसुदा एका बैठकीत, न थांबता लिहा. मग एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी हातात पेन्सिल घेऊन या जागा तपासा.

‘लहानपणापासूनच’ दिसलं की खोडा आणि खरी वेळ घाला: सातवीत, लॉकडाऊनमध्ये, बारावीच्या सुट्टीत. ‘जोपासणे’, ‘व्यक्त होणे’, ‘शब्दबद्ध करणे’, ‘भावविश्व’, ‘लेखणी’ यांच्या जागी साधं क्रियापद बसतं का बघा. बहुतेक वेळा ‘लिहिणे’ पुरतं. पेनाने किंवा फोनवर लिहीत असताना लेखणी कशाला? सुरुवातीला दुसऱ्याच्या कवितेची ओळ टाकली असेल तर काढा. पहिल्या दोन ओळी दुसऱ्याला देऊन टाकणं परवडत नाही. ‘मोठा साहित्यिक व्हायचे आहे’ यासारखं भविष्यातलं वाक्य एकही नको, पुढच्या सहा महिन्यांतलं चालेल. आणि शेवटची ‘गोड मानून घ्यावे’, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ ही विनवणी सरळ कापा. मराठी माणसाला अर्जात हात जोडायची सवय आहे. ती पत्राच्या मायन्यात शोभते.

विशेषणं मोजा. एका पानात पाचाहून अधिक असतील तर काहीतरी सांगायचं राहिलंय आणि विशेषणाने ते झाकलंय. ‘विलक्षण अनुभव’ असं लिहिलं असेल तर तिथे अनुभव लिहायचा राहिला आहे.

मग मित्राला मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही वाचू नका. तो जिथे अडखळतो तिथे वाक्य मोडा. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सहज विचारा, कालच्यातलं काय आठवतंय. ‘ते गुळाचं’ असं म्हणाला तर काम झालं. ‘तुला वाचनाची आवड आहे’ म्हणाला तर पुन्हा बसा.

बोली, प्रमाण आणि शुद्धलेखन

‘वाटते, केले’ लिहायचं की ‘वाटतं, केलं’? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, म्हणजे १९६२चे १४ आणि १९७२ मध्ये भर घातलेले ४, यांत अनुस्वाराची रूपं पात्रांच्या तोंडच्या बोलण्यापुरती मानली आहेत, एरवी एकारान्त. प्रत्यक्षात वृत्तपत्रांपासून पुस्तकांपर्यंत दोन्ही चालतं, पण काही प्राध्यापक अजून त्यावर बोट ठेवतात. गेल्या वर्षीचा अंक उघडून त्यांची पद्धत बघा आणि तीच धरा. कोणतीही धरा, पण ‘मला वाटतं’ आणि ‘मी लिहिले’ एका परिच्छेदात नकोत.

बोलीतला शब्द कामाचा असेल तर अवतरणचिन्हांत डांबू नका आणि शेजारी कंस करून अर्थही देऊ नका. वाक्यच असं रचा की अर्थ उघड होईल. ‘गुळव्या थर्मामीटर न लावता सांगतो’ यातून गुळव्या कोण ते कळतं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी घरात असेल तर एखादं वाक्य तसंच येऊ द्या. अख्खा अर्ज बोलीत द्यायचा असेल तर संपादकांना आधी विचारा, बरेचदा ते खूशच होतात.

अशा अर्जांत हमखास चुकणारे शब्द थोडेच आहेत: विद्यार्थिनी (थि ऱ्हस्व), आणि (णि ऱ्हस्व), कवी एकटा असताना दीर्घ पण कविसंमेलन ऱ्हस्व, ज्येष्ठ, आशीर्वाद, साहित्यिक. आणि वाङ्मय. यात ङ आहे, ड नाही. ‘वाड्मय मंडळासाठी अर्ज’ असा मथळा असलेला कागद मराठीच्या प्राध्यापकांच्या टेबलावर जाऊ नये.

टंकलेखन आणि पाठवणं

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जीबोर्डसारखा फोनवरचा कळफलक किंवा संगणकावरचा इनस्क्रिप्ट, काहीही चालेल. व्हॉइस टायपिंगने कच्चा मसुदा झटपट होतो, पण विरामचिन्हं बहुतेक गळतात आणि बोलीतले शब्द भलतेच उमटतात. गुऱ्हाळाचं गुराळ होतं.

गडबड होते ती पुढे. पुष्कळ छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारखे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरतात. तुमचा मजकूर तिथे कन्व्हर्टरमधून जातो आणि काही ठरावीक जागी फुटतो: ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, ‘ङ्म’, रफार, आणि अवतरणचिन्हं. म्हणून वर्ड फाइलसोबत पीडीएफ नेहमी पाठवा, म्हणजे मुद्रितं तपासणाऱ्याला मूळ काय होतं ते दिसतं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’ दिसत असेल तर ही पायरी सुटलेली आहे. ‘ॲप’मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे. अ वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ दिसायला तसाच, पण शोधताना सापडेलच असं नाही आणि रूपांतरात मोडू शकतो. मुक्तासारखा मोफत फॉन्ट, १२ किंवा १४ आकार आणि दीड ओळीचं अंतर ठेवलं की तपासणाऱ्याला ओळींमध्ये खुणा करता येतात.

फाइलला ‘नवीन डॉक्युमेंट १’ नाव देऊ नका. आडनाव, वर्ग आणि ‘परिचय’ एवढं पुरतं. फोटो मागितला असेल तर पासपोर्ट आकाराचा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरला ३०० डीपीआय म्हणजे किमान ४१३ बाय ५३१ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छपाईत चेहरा धुरकट येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोन नंबर आणि घरचा पत्ता फक्त सोबतच्या पत्रात लिहा, परिचयाच्या मजकुरात नको. तिथे लिहिला तर तो छापला जाईल आणि पीडीएफमधून वर्षानुवर्षं फिरेल. मुलींनी तर हे दोनदा तपासावं.

तोंडी आणि दोन ओळींची

तोंडी सांगताना नाव पहिल्यांदा, कारण इथे वरचा रकाना नाही. लिहिलेलं पाठ करू नका. पाठ केलेलं मराठी लगेच ओळखू येतं, वाक्याच्या शेवटी ‘आहे’ फार स्पष्ट ऐकू येतो. चिठ्ठीवर चारच शब्द घ्या, नमुन्यातल्या मुलीच्या चिठ्ठीवर असते तर गोळी, तीन चुका, समालोचन, सदर. ‘सर, मॅडम आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो’ या भाषणी सुरुवातीला दीड मिनिटातली दहा सेकंदं जातात.

लेखाखालच्या परिचयात एक खास मराठी पेच येतो. तृतीयपुरुषी लिहायचं तर स्वतःला ‘ती लिहिते’ म्हणायचं की ‘त्या लिहितात’? एकेरी खटकतं, आदरार्थी स्वतःच स्वतःला लावलेलं हास्यास्पद दिसतं. सोपी वाट म्हणजे क्रियापदच टाळायचं:

‘एसवायबीएस्सी, रसायनशास्त्र. मुक्काम करवीर तालुका. गुऱ्हाळावरची कामं आणि त्यांचे शब्द यांच्या नोंदी अकरावीपासून. लिहिलेलं आधी गुळव्यांना वाचून दाखवण्याची पद्धत. सुट्टीत कबड्डीचं समालोचन.’

चाळिसाच्या आत बसतं आणि संपादकांना हवं तर ते आपल्या पद्धतीने क्रियापदं घालून घेतात. परिचयात बक्षिसांची यादी हवीच असेल तर एक, सगळ्यात अलीकडचं.

पाठवलेल्या मजकुराची तारीख घातलेली प्रत स्वतःकडे ठेवा. टीवायला पुन्हा अर्ज करायचा झाला तर तीच प्रत पाठवू नका. आवडीचा भाग तसाच राहिला तरी चालतो, पण कारणाचा परिच्छेद त्या वर्षात लिहिलेल्या कागदांवरून नव्याने काढावा लागतो. आणि मागच्या वेळी कबूल केलेलं सदर झालं की नाही, हे संपादकांच्या लक्षात असतं. झालं नसेल तर का झालं नाही ते एका ओळीत सुरुवातीलाच लिहा.